माळ्यावरची जुनी फौजी बंदूक कशी ओळखावी

जुनी फौजी बंदूक हाती लागली की बहुतेक घरांत पहिली चूक एकच होते: ती घासायला घेतात. खंडेनवमी जवळ आली असेल तर पितांबरी, चिंच, पॉलिश पेपर सगळेच बाहेर निघते. लोखंडावरचे शिक्के फार उथळ असतात आणि लाकडी कुंद्यावरचे त्याहून पुसट. एका दुपारच्या घासण्यात शंभर-दीडशे वर्षांची नोंद कायमची जाते, आणि ती परत आणण्याचा कुठलाही उपाय नाही. इंदूरच्या जुन्या वाड्यांत, माळ्यावर किंवा देवघरामागच्या कोठीत अशी बंदूक निघाली तर आधी वाचून घ्या. साफसफाईचा विचार नंतर.

वाचण्याच्याही आधी ती भरलेली आहे असे धरून चाला. ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या बंदुकीत, पणजोबांच्या काळचा बार तसाच असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते. तपासायला लाकडाची सरळ, बारीक काठी घ्या. लोखंडी गज नको. काठी नळीच्या तोंडातून अलगद तळापर्यंत सोडा आणि तोंडापाशी पेन्सिलीने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी जुळवून, लावून पाहा. काठीचे टोक कानाच्या भोकापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाते त्या छिद्रापर्यंत, यायला हवे. दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. ते उकरू नका, ठोकू नका, तापवू नका. बंदूक भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि परवानाधारक बंदूक कारागिराला किंवा पोलीस ठाण्याला कळवा. बोल्टच्या, म्हणजे दांडी मागे-पुढे सरकवून भरायच्या रायफलीत आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचे, मग बोल्ट मागे ओढून नळीचे घर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी बघायचे. क्रम उलटा केला तर बोल्ट पुढे नेताना मॅगझिनमधली गोळी घरात सरकते.

दुसरी गोष्ट परवान्याची, आणि ती टाळता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनाट बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. ‘आमची तर शोभेची आहे’ एवढे म्हणून ती सूट मिळत नाही आणि निकाल घरच्यांनी लावायचा नसतो. .३०३ आणि ७.६२ बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या, बोल्टच्या रायफली तर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध गटातच येतात. आजोबांच्या नावाचा परवाना सापडला तर त्यावरचा बोअर आणि क्रमांक बंदुकीशी ताडून बघा. परवाना नसेल, किंवा तो ज्यांच्या नावे होता ते हयात नसतील, तर बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची असते. ती पोत्यात घालून राजवाड्याजवळच्या दुकानांतून दाखवत फिरू नका. ओळख पटवायला छायाचित्रे पुरतात, म्हणून जमा करण्याआधी ती नीट काढा: दोन्ही बाजूंनी पूर्ण बंदूक, कळ (बार उडवणारी यंत्रणा आणि तिची लोखंडी पट्टी), नळीचे तोंड, दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडाची, पितळी पट्टी, आणि प्रत्येक शिक्का वेगळा, शेजारी मोजपट्टी ठेवून.

आता प्रत्यक्ष ओळख. सुरुवात शिक्क्यांपासून करू नका, बंदूक भरतात कुठून ते बघा. शिक्का कुणीही ठोकू शकतो, पण भरायची यंत्रणा बदलणे सहजासहजी जमत नाही.

कुंद्याच्या खाचेतून सापासारखा वाकडा लोखंडी आकडा बाहेर येत असेल आणि उजव्या अंगाला छोटी रंजकदाणी (पेटवायची दारू ठेवायची वाटी) असेल, तर ती तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची बंदूक. बहुधा देशी कारागिराच्या हातची असते. कारखान्याचा शिक्का तिच्यावर शोधत बसू नका. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढताच आपटणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या, जबड्यात गारगोटी धरायची सोय असेल तर ती चकमकीची. कंपनी सरकारच्या फौजेत अशाच बंदुका होत्या: नळी ३९ इंच, आतला व्यास .७५ इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, आतून गुळगुळीत. इंग्रज तिला ब्राऊन बेस म्हणत. कळेवर चार भागांत विभागलेले हृदय असेल तर तो कंपनीचा जुना शिक्का. मागचे दोन पाय टेकून उभा, मुकुट धरलेला सिंह असेल तर एकोणिसाव्या शतकातला.

गारगोटीऐवजी घोडा स्फोटक भरलेल्या तांब्याच्या छोट्या टोपीवर आपटत असेल तर पुढचा टप्पा. यात सर्वांत जास्त भेटते ती १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड: एकूण लांबी सुमारे १४०० मिलिमीटर, नळीला कुंद्याशी बांधणाऱ्या तीन कड्या, व्यास .५७७ इंच, आत तीन चऱ्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खोबणी. १८५७ च्या काडतुसांचा वाद हिच्याच काडतुसांवरून पेटला. इथे एका गोष्टीत लोक हमखास फसतात. बंदूक हुबेहूब एन्फिल्ड दिसते, पण आत चऱ्याच नाहीत आणि व्यास .६५६ इंच, म्हणजे १६.७ मिलिमीटर भरतो. मग ती नकली समजून भंगारात निघते. ती नकली नाही. १८५७ नंतर हिंदी पलटणींच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यायची नाही असे इंग्रजांनी ठरवले, आणि त्याच घाटाची बिनचऱ्यांची नळी बनवून घेतली. अशी नळी सापडली तर तिला चऱ्यांच्या एन्फिल्डइतकाच मान द्या. अविश्वासाची इतकी उघड खूण दुसऱ्या कुठल्या वस्तूवर क्वचितच दिसेल.

पुढे १८६६ पासून त्याच एन्फिल्डच्या नळीचा मागचा भाग कापून, उजवीकडे बिजागरीने उघडणारा ठोकळा बसवला गेला, ती स्नायडर. म्हणून स्नायडरच्या कळेवर १८६० किंवा त्याआधीचे साल दिसले तर गोंधळू नका, कळ जुनी आणि ठोकळा नवा. १८७१ पासून मार्टिनी-हेन्री. तिला बाहेर घोडाच नाही. चापाच्या मागे लांब तरफ असते, ती खाली ओढली की वरचा ठोकळा पुढच्या टोकाला खाली झुकतो. व्यास .४५ इंच, चऱ्या सात, लांबी साधारण १२४५ मिलिमीटर. गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी पलटणींच्या हाती स्नायडर आली, एक पिढी मागची. संस्थानांच्या फौजांशीही इंग्रजांचा हात असाच आखडता होता. त्यामुळे होळकरशाहीतल्या घराण्याची बंदूक तिच्या बनावटीच्या सालानंतर बऱ्याच वर्षांनी घरात आलेली असू शकते. कुळाच्या हकिकतीतले साल आणि लोखंडावरचे साल जुळले नाही म्हणून हकिकत खोटी ठरवण्याची घाई नको.

बोल्ट असेल तर बहुतेक वेळा ली-एन्फिल्ड, बोअर .३०३, म्हणजे ७.७ मिलिमीटर. लांबी मोजा. १२५७ मिलिमीटर भरली तर जुनी लांब रायफल. ११३० च्या आसपास भरली आणि नळीचे तोंड पुढच्या लोखंडी टोपणाशी सपाट असेल, तर आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके दिसलेली आखूड रायफल. लांबी जवळपास तेवढीच, पण नळीचे तोंड लाकडाबाहेर बोटभर डोकावत असेल तर ली-एन्फिल्डच्या चार नंबरच्या नमुन्याची. आखुडीचाच घाट आणि मॅगझिन मात्र चौकोनी, तळाला सरळ असेल, तर ईशापूरच्या कारखान्यात १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ बोअरसाठी बनवलेली, टू-ए किंवा टू-ए-वन. पहिलीची मागची दर्शी, म्हणजे नेम धरायची पट्टी, २००० मीटरपर्यंत खुणावलेली असते, दुसरीची ८०० पर्यंत. आणखी एक प्रकार: बाहेरून .३०३ आणि नळी आतून गुळगुळीत, १०.४ मिलिमीटरची. ती पहारेकऱ्यांसाठी .४१० बोअरची करून घेतलेली असते, एका वेळी एकच काडतूस घेणारी.

व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर वापरा, आणि दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा. गज वर्षानुवर्षे घासून नळीचे तोंड फाकलेले असते, त्यामुळे तोंडाशी आकडा अर्धा मिलिमीटर जास्त येऊ शकतो. चऱ्यांच्या खोबणीत मोजले तरी जास्तच येतो. दोन खोबणींमधल्या उंच भागावर मोजा.

एवढे झाले की मग शिक्के. खोली अंधारी करा आणि बॅटरीचा झोत लोखंडाला जवळजवळ समांतर धरा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. अक्षर पुसट असेल तर खडूची पूड मऊ ब्रशने भरून वरची झटका. बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल फिरवली की ठसाही मिळतो.

ली-एन्फिल्डचा मुख्य शिक्का दस्ता जिथे लोखंडात शिरतो त्या पट्ट्यावर, उजवीकडे असतो: वर मुकुट, खाली राजाची आद्याक्षरे, मग कारखाना, साल आणि नमुना. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. ई.आर. म्हणजे एडवर्ड सातवे, १९१० पर्यंत. त्यानंतरचे जी.आर. दोन जॉर्जना लागू पडते, म्हणून तिथे सालच बघावे लागते. जी.आर.आय. असेल तर रायफल ईशापूरची. शेवटचे अक्षर सम्राटपदाचे. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. नमुन्याच्या आकड्यापुढे तारा असेल तर तो शोभेचा नाही. पहिल्या महायुद्धात काही भाग वगळून सोपी केलेली रायफल तशी ओळखतात. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रूही ईशापूरचीच खूण.

बाण हा इंग्रज सरकारच्या मालकीचा शिक्का. त्याखाली आय अक्षर असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले असतील तर तो सेवेतून रीतसर विकलेला. जुन्या कळांवर ‘टॉवर’ असे कोरलेले असते, त्यावरून बंदूक लंडनच्या किल्ल्यात बनली असे मानू नका. बर्मिंगहॅमच्या ठेकेदारांचा मालही त्या नावाखाली तपासून घेतला जाई. डी.पी. म्हणजे फक्त कवायतीसाठी. अशी रायफल उडवण्यालायक नाही असे ठरवूनच तो शिक्का मारलेला असतो.

क्रमांक एकाच ठिकाणी बघून थांबू नका. ली-एन्फिल्डमध्ये तो मुख्य लोखंडावर, नळीवर, बोल्टच्या दांडीच्या मुळाशी, पुढच्या टोपणावर आणि दर्शीच्या पानावर असू शकतो. बोल्टचा क्रमांक वेगळा निघाला तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि काडतुसामागची जागा बरोबर असेलच असे नाही. अशा रायफलीत मागे स्फोट होण्याचा धोका खरा असतो. दस्त्याच्या उजव्या बाजूला रुपयाएवढी पितळी चकती असेल तर तीवर पलटणीची अक्षरे मिळतात. दस्त्याच्या तळाची पितळी झडपही उघडून पाहा. आत तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी अजून असू शकते.

नकली मालाच्या दोन खुणा लक्षात ठेवा. व्ही.आर. आणि खाली १९०१ नंतरचे साल, किंवा इंग्रजी एन हे अक्षर उलटे. खैबर भागातले कारागीर इंग्रजी न वाचता शिक्का नकलत, त्यातून हे होते. अशी बंदूक हातची कारागिरी म्हणून मोलाची असू शकते, पण ती कधीही उडवायची नाही. तिचे पोलाद भरवशाचे नसते.

घरात मोडीतले दफ्तर असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या. यादीत ‘कडाबीन’ आले तर ती घोडेस्वाराची आखूड बंदूक, तिची लांबी एन्फिल्डशी जुळणार नाही.

शेजारी ठेवून ताडायला इंदूरइतकी सोय फार थोड्या गावांत आहे. सीमा सुरक्षा दलाच्या इथल्या प्रशिक्षण केंद्रात रुस्तमजी शस्त्रसंग्रहालय आहे, आणि जेमतेम पंचवीस किलोमीटरवर महूला पायदळाचे संग्रहालय. दोन्ही जागा लष्करी शिस्तीच्या; आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जा, आणि बंदूक नव्हे तर फक्त छायाचित्रे व मोजमापांचा कागद न्या.

जपणुकीसाठी फार काही लागत नाही. लोखंडाला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात, लाकडाला कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन. वॉर्निश नको. चामड्याच्या म्यानात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, पावसाळ्यात ओल आत कोंडते. पूजा अवश्य करा, पण हळदकुंकू, ओली फुले आणि पाणी थेट लोखंडावर न घालता खाली अंथरलेल्या वस्त्रावर वाहा. अक्षरांच्या खाचांत अडकलेले ओले कुंकू चार दिवसांत गंज धरते, आणि तो गंज नेमका शिक्क्यातूनच खाली उतरतो.