तीन विमानं बदलून लग्नाला जाताय? या चुका टाळा

लग्नाची तारीख कुणासाठी पुढे सरकत नाही. म्हणून दोन-तीन विमानं बदलत जायचं असेल, तर भाडं बघण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मधलं एक विमान चुकलं, तर मी कधी पोहोचेन? उत्तर 'लग्नाच्या दिवशी' किंवा 'दुसऱ्या दिवशी' असं येत असेल, तर ते तिकीट कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. लग्नाच्या किमान दोन दिवस आधी पोहोचायचं, हे धरूनच शोधायला बसा.

तुकड्यातुकड्यांची तिकिटं

पहिला टप्पा एका कंपनीचा, पुढचा दुसरीचा, दोन्ही बुकिंग स्वतंत्र. पैसे वाचतात खरे, पण पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असले, की उशिरामुळे पुढचं विमान चुकल्यास दुसऱ्या विमानाने मुक्कामी पोहोचवणं हे कंपनीचं काम असतं. वेगळी तिकिटं घ्यावीच लागली, तर मध्ये एका रात्रीचा मुक्काम ठेवा.

एकाच तिकिटावरही दिवसातलं शेवटचं विमान पकडावं लागेल अशी जोडणी टाळा, कारण ते गेलं की रात्र तिथेच. विमानतळाचं नावही नीट वाचा. टोकियोला नारिताला उतरून पुढचं विमान हानेदाहून असेल, तर सामान घेऊन दूरच्या दुसऱ्या विमानतळावर जावं लागतं.

"मधेच उतर, मी गाडी घेऊन येतो"

ही चूक प्रेमापोटी होते. मामेभाऊ फोन करतो, शेवटचा छोटा टप्पा कशाला, मी न्यायला येतो. पण तिकिटावरचा एक टप्पा न सांगता सोडला, की पुढचे सगळे टप्पे सहसा रद्द होतात, परतीचेसुद्धा. बेत बदलायचाच असेल तर आधी कंपनीशी बोलून तिकीट बदलून घ्या. नाही तर मामेभावाला शेवटच्या विमानतळावरच बोलवा.

व्हिसा

ज्यांना अमेरिकेत जायला व्हिसा लागतो, त्यांना तिथे नुसतं विमान बदलायलाही लागतो. शिवाय पहिल्या विमानतळावर बहुतेक वेळा बॅगा स्वतः उचलून पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून तिथे दोन विमानांमध्ये फक्त तासाभराचं अंतर नको. इतर देशांचे नियम तुमच्या पासपोर्टनुसार बदलतात. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम तिकीट काढण्याआधीच तपासा.

सामान

लग्नात घालायचा एक पूर्ण पोशाख, दागिने आणि औषधं हातातल्या बॅगेतच. कुटुंब सोबत असेल तर प्रत्येकाचे थोडे थोडे कपडे दुसऱ्याच्या बॅगेत टाका; एक बॅग मागे राहिली तरी कुणी अडत नाही. चेक-इनच्या वेळी बॅगेच्या टॅगवर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड आहे का, ते स्वतः बघा.

बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करा आणि क्रमांक घ्या. मोडतोड झाली असेल तर 1999च्या माँट्रियल करारानुसार (विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार) बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी कळवावं लागतं, उशिरा मिळाली असेल तर 21 दिवसांत. दरम्यान घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा. पत्ता देताना मात्र विचार करा: लग्नघरातली माणसं घर, हॉटेल, कार्यालय अशी फिरत असतात. बॅग घ्यायला कुणीतरी नक्की असेल तोच पत्ता आणि त्याच माणसाचा फोन द्या.

विमान चुकलंच तर

रांगेत उभे राहा, पण त्याच वेळी कंपनीला फोन लावा आणि ॲपही उघडा. तिन्हींपैकी जे आधी लागेल ते. लग्नाला निघालोय आणि लग्न कधी आहे, हे स्पष्ट सांगा. जवळच्या दुसऱ्या शहरात उतरणारं विमान चालेल, हेही सुचवा. नवं तिकीट हातात आलं की बॅग त्याच विमानात जाणार का, ते विचारून घ्या. घरी कळवताना नवरा-नवरीच्या आईवडिलांना फोन करू नका. त्या दिवशी हाताशी मोकळा असलेला एक नातेवाईक आधीच ठरवून ठेवा आणि सगळे निरोप त्यालाच द्या.