रातच्याला दारात कुऱ्हाड आली तर

अमळनेरच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करतोय. खून करणाऱ्यापेक्षा जास्त ढसाढसा रडताना मी पाहिलाय तो त्याचा चुलतभाऊ. रातच्याला दारात आलेली कुऱ्हाड यानं धुतली आणि विहिरीत टाकली. "भाऊ शे ना मन्हा," एवढंच म्हणणं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी ती काढली. बादली पडल्यावर आपण सोडतो त्याच गळानं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हात लावू नका. आहे तिथं राहू द्या, ११२ लावा. खुनाची खबर देणं नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३ कलमानं बंधनकारकच आहे. धुणं, दांडा जाळणं, पऱ्हाट्यांच्या ढिगात खुपसणं, मोबाईलमधले कॉल पुसणं, सगळं भारतीय न्याय संहितेच्या २३८ मध्ये, म्हणजे पुरावा नाहीसा करण्याच्या कलमात जातं. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुन्या दंड संहितेचं २०१. खुनाच्या प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र गुन्हा झाल्याचं ठाऊक असणं, किंवा तसं समजायला कारण असणं, आणि गुन्हेगाराला वाचवायचा हेतू, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. बोकड कापला असं सांगून कुणी ठेवून गेला आणि तुम्ही खरंच अंधारात होता, तर गुन्हा नाही. पण त्याचा सदरा रक्तानं माखलेला दिसत असेल, तर बोकडाची गोष्ट कोर्टात चालत नाही, भाऊ.

घरच्या बाईला हे जरूर सांगा: नवऱ्याला आसरा दिला तर २४९ मध्ये बायकोला सूट आहे. त्याचा सदरा धुतला तर २३८ मध्ये ती सूट नाही.

आधीच लपवून बसला असाल तर वस्तू पुन्हा हलवू नका. पहिले वकील, मग ठाणं. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर आहे. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, राज्यघटनेचं कलम २०(३) आहे. पण गप्प राहणं वेगळं आणि आरोपीला वाचवायला खोटं सांगणं वेगळं. ते खोटंही २३८ मध्येच येतं.

२३८ जामीनपात्र आहे, म्हणून निर्धास्त होऊ नका. "काम झालं की माझ्याकडं दे," असं खुनाच्या आधी बोलला असाल तर तो कट, आणि मग खुनाचीच शिक्षा. आमच्या त्या चुलतभावाला पहिला फोन खुनानंतर चाळीस मिनिटांनी आलेला निघाला. त्यावर तो खुनातून सुटला. २३८ मात्र चिकटलंच.