घर सोडायची वेळ आली तर: अमेरिकेत नवीन आलेल्या मुलींसाठी

नवऱ्याच्या व्हिसावर आलेली मुलगी घरातल्या मारहाणीबद्दल पहिल्यांदा बोलते, तेव्हा ती बहुतेक वेळा एकच विचारते, "मला असायलम, म्हणजे मायदेशी छळ होईल म्हणून इथे आश्रय, मिळेल का?" तिला मी आधी उलट विचारते, नवरा इथे कोणत्या कागदावर आहे? तुझी वाट बरीचशी त्यावरून ठरते, आणि असायलम ही त्यातली सर्वांत अवघड वाट आहे.

आधी भीती काढून टाक. "घराबाहेर पाय टाकलास तर उद्या इंडियात पाठवतील," असं तो म्हणत असेल. कुणाला देशाबाहेर काढायचं हे सरकार आणि इमिग्रेशन कोर्ट ठरवतं, तो नाही. मात्र घटस्फोट झाला की एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या नवऱ्यामुळे तुला मिळालेला व्हिसा, संपतो, हे खरं आहे. म्हणून त्याच्या वकिलाने पुढे केलेल्या कागदावर स्वतःचा वकील गाठल्याशिवाय सही करू नकोस.

नवरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर १९९४ चा व्हावा (VAWA), म्हणजे बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा, तुझ्यासाठी आहे. ग्रीन कार्डच्या वाटेवरचा आय-३६० हा फॉर्म तू एकटीने भरायचा. त्याची सही लागत नाही, आणि तू अर्ज केलास हे इमिग्रेशन खातं त्याला कळवू शकत नाही. घटस्फोट झाला असला तरी दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. अंगावर वळ असलेच पाहिजेत असंही नाही. पासपोर्ट लपवणं, कोंडून ठेवणं, सतत धमकावणं हा छळच आहे. तुझं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, अटींवरचं असेल, तर छळाच्या कारणावरून त्या अटी त्याच्याशिवायही काढून घेता येतात.

पण आपल्याकडच्या कितीतरी मुलींचे नवरे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतात. तिथे व्हावा लागू होत नाही. मग यू व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या व्हिसाचा, विचार करायचा. त्यासाठी गुन्ह्याच्या तपासात तू मदत केलीस असं पोलिसांनी किंवा सरकारी वकिलाने लिहून द्यावं लागतं. वर्षाला १०,००० च यू व्हिसा मिळतात, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची आहे. म्हणून पोलिसांना फोन केलास तर रिपोर्टचा नंबर घेतल्याशिवाय राहू नकोस. आणखी एक गोष्ट वकिलाने काढली नाही तर तूच काढ: छळ झालेल्या एच-४ बायकांसाठी वेगळं वर्क परमिट असतं, फॉर्म आय-७६५व्ही. हातात स्वतःचा पगार आला की बाकीचे निर्णय घ्यायला बळ येतं.

आता असायलम. अमेरिकेतल्या घरात काय झालं एवढ्यावर ते मिळत नाही. भारतात परतलीस तर तुझं काय होईल, तिथले पोलीस तुला वाचवतील का, दुसऱ्या शहरात सुरक्षित राहता येईल का, हे विचारतात. शिवाय हा छळ तुझा धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यामुळे होतो, हे दाखवावं लागतं. भारतात २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, नवरा-सासरच्या छळाचं जुनं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे. अधिकारी विचारणारच, सासर नाशिकला, मग तू नागपूरला का राहू शकत नाहीस? चौकीत तक्रार घेतली नाही, सासऱ्यांची वर ओळख आहे, दिराने जिवे मारायच्या धमक्या पाठवल्या, असं काही असेल तर त्याचे मेसेज, तारखा, साक्षीदार लागतात.

शिवाय हा कायदा सारखा हलतो. २०१४ मध्ये ग्वाटेमालाच्या एका बाईच्या खटल्यात छळ झालेल्या बायकांना दार उघडलं, २०१८ मध्ये ते बंद झालं, २०२१ मध्ये पुन्हा उघडलं आणि २०२५ मध्ये परत आवळलं गेलं. कुणाच्या वहिनीला पूर्वी मिळालं म्हणून तुला मिळेल असं धरू नकोस. अर्ज इथे आल्यापासून एका वर्षात करायचा असतो. वैध व्हिसावर असल्यास सवलत मिळू शकते, पण तिच्या भरवशावर दिवस काढू नकोस. आणि कुणी पैसे घेऊन तयार कहाणी लिहून देत असेल तर तिथून ऊठ. खोटा अर्ज ठरला तर इथल्या इमिग्रेशनची जवळजवळ सगळी दारं कायमची बंद होतात.

पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद), लग्नाचा दाखला, लग्नाचे आणि एकत्र राहिल्याचे फोटो, भाड्याचा करार, मुलांचे जन्मदाखले, या सगळ्याचे फोटो काढून त्याला माहीत नसलेल्या ईमेलवर किंवा आईकडे पाठव. फोन त्याच्या फॅमिली प्लॅनवर असेल तर तो कॉल आणि लोकेशन बघू शकतो, हे गृहीत धर. मदतीचे फोन लायब्ररीतून किंवा शेजारणीकडून कर. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ रात्रंदिवस चालू असते. जीवावर बेतलं तर ९११, आणि नुसतं "मराठी" म्हण, दुभाषी जोडून देतात. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून काम करते. न्यूयॉर्कला सखी, शिकागोला अपना घर, बे एरियात मैत्री, ह्यूस्टनला दया, अटलांटाला रक्षा. या आपल्या बायकांसाठी उभ्या राहिलेल्या संस्था आहेत, त्यांना सासर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मंडळातली वडीलधारी माणसं "थोडं ॲडजस्ट कर" म्हणतील. त्यांना मान दे, पण त्या सल्ल्यावर घरी परत जाऊ नकोस.

भांडणानंतर तो अचानक गोड होऊन "चल, दोन आठवडे इंडियाला जाऊन येऊ" म्हणाला तर सावध हो. बायकोला माहेरी सोडून, तिचा पासपोर्ट घेऊन एकटे परतलेले नवरे पुष्कळ आहेत. शंका आली तर जाऊ नकोस. तरीही अडकलीस तर पासपोर्ट गेल्याची तक्रार लगेच पोलिसांत नोंदव आणि राष्ट्रीय महिला आयोगाच्या एनआरआय कक्षाकडे अर्ज कर. तसंच, मुलाला गुपचूप घेऊन तू भारतात निघून जाऊ नकोस. मुलांच्या अपहरणाबद्दलच्या हेग करारात भारत नाही, आणि इथलं कोर्ट ते अपहरण मानून ताबा त्याला देऊ शकतं. आधी फॅमिली कोर्टातून संरक्षण आदेश आणि मुलांचा तात्पुरता ताबा माग. बऱ्याच ठिकाणी हा आदेश अर्ज केल्याच्या दिवशीच तात्पुरता मिळतो.