चॅटबॉटने दिलेला संदर्भ खरा की बनावट?

सेमिनारच्या आदल्या रात्री चॅटबॉट पाच संदर्भ झटकन देतो. लेखक, जर्नल, वर्ष, सगळं जागच्या जागी. पण वेबवर न शोधता तो नुसते जुळणारे शब्द रचत असेल, तर त्यातला एखादा पेपर कुणी लिहिलेलाच नसतो.

आधी डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, बघा. तो '१०.' ने सुरू होतो. डीओआय डॉट ओआरजीवर टाका. लेख उघडला म्हणून लगेच हुरळू नका. क्रमांक खरा आणि लेख भलत्याच विषयाचा, असंही होतं. शीर्षक शब्दन् शब्द ताडून पाहा.

डीओआय नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत शोधा. नाही सापडलं तर चिन्हं काढून पुन्हा, कारण एका शब्दाच्या फरकानेही शोध हुकतो. तरीही नाही? मग पबमेडच्याच 'सिंगल सायटेशन मॅचर'मध्ये जर्नल, वर्ष, खंड आणि पहिलं पान भरा. त्या पानावर दुसराच लेख निघाला, की दाट संशय घ्या. मात्र सगळी भारतीय जर्नलं पबमेडवर नाहीत. तेव्हा जर्नलच्या साइटवर त्या अंकाची अनुक्रमणिका पाहूनच निकाल लावा.

लेख सापडला तरी वर 'रिट्रॅक्टेड', म्हणजे लेख मागे घेतल्याची, पट्टी नाही ना, ते बघा. ग्रंथपालांकडे लेखाची मागणी पाठवायची ती यानंतर. नसलेला पेपर शोधण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो.