निकाहची तयारी: मेहरचा रकाना कोरा सोडू नका

आपाच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या, लग्नात मांडव, पंगत, बस्ता, सगळं मी अंगावर घेतलं होतं. एक काम राहिलं: निकाहनाम्यात मेहरचा, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचा, रकाना नीट भरून घ्यायचं. ते तिला अकरा वर्षांनी भोवलं. आता धाकटीचा निकाह मे महिन्यात आहे, यावल तालुक्यात. ही तयारी तिच्यासाठी लिहून काढतोय. ज्यांच्या घरी लगीनघाई आहे त्यांनीही वाचावी.

पत्रिका, मंडप, आचारी हे कोणी विसरत नाही. उन्हाचं मात्र लक्षात ठेवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा निकाह सकाळी लवकर किंवा असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या, नमाजनंतर ठेवा आणि पाण्याचे जार दुप्पट सांगा. मुलगी 18, मुलगा 21 पूर्ण आहेत ना, एवढं कागदावर बघा.

मेहरचं सुपारीच्या बैठकीतच बोला. आपल्याकडे आहेर किती, मानाच्या साड्या किती, वरातीची माणसं किती, यात दोन तास जातात आणि मेहरचं निघालं की ‘ते काझीसाहेब बघतील’ म्हणून सगळे उठतात. उठू देऊ नका. मेहर बापाचा नाही, भावाचा नाही, मुलीचा आहे. आकडा आधी तिला विचारा. हनफी मसल्यात, म्हणजे सुन्नींच्या हनफी पंथाच्या नियमात, कमीत कमी मेहर दहा दिरहम (जुनी चांदीची नाणी), म्हणजे साधारण 30 ग्रॅम चांदी. मेहरे-फातमी, म्हणजे पैगंबरांची मुलगी फातिमा यांच्या मेहरइतका मेहर, 500 दिरहमांचा, म्हणजे साधारण 1,530 ग्रॅम. त्या आठवड्याचा चांदीचा भाव लावून रक्कम काढा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणाच्या लग्नात ठरलेला आकडा उचलू नका.

बस्ता बांधायला दोन्हीकडच्या बायका बरोबर जाऊ द्या, पुढची रुसवाफुगवी टळते.

आता दागिने. मी चुकलो ते इथेच. आपल्याकडे मुलाकडचे काळी पोत, जोडवी आणि ऐपतीप्रमाणे सोनं घालतात. हा रिवाज आहे, शरियतने सांगितलेली अट नाही. मेहर ही अट आहे. दोन्ही एकाच मांडवात, एकाच दिवशी होतात म्हणून मिसळतात. सोनं मेहरात धरलंय की मेहर वेगळा, हे निकाहच्या आधी चार माणसांत विचारा आणि निकाहनाम्यात लिहून घ्या. विचारायला लाज वाटते, मलाही वाटली. काझीसाहेबांनी पेन थांबवून विचारलं, ‘नगद की उधार?’ बाहेर बँड वाजत होता, दालच्याची पातेली उतरत होती, आचारी मला हाका मारत होता. ‘लिहा जे असेल ते’ म्हणून मी पंगतीकडे पळालो. त्यांनी रकम लिहिली आणि पुढच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. दाजी गेले तेव्हा सासरचे म्हणाले, पाच तोळे घातले होते, तोच मेहर. त्या रेघेपुढे आमच्याकडे बोलायला काही नव्हतं.

मेहर बाकी असेल तर ते नवऱ्यावरचं कर्ज असतं. नवरा वारला तर वारसा वाटायच्या आधी ते फेडायचं. मुलंबाळं असतील तर विधवेला मिळणारा आठवा हिस्सा त्याच्या नंतरचा. आपाला आठवा हिस्सा दाखवला, कर्जाचं कुणी नावही काढलं नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर सुन्नी कायद्यात किती मेहर नगद धरायचा हे रिवाज, मुलीच्या घराची ऐपत आणि रक्कम बघून ठरतं, म्हणजे पुन्हा वादच. म्हणून रकाना भरून घ्या.

त्यात अजून एक फसगत आहे. उर्दूत नगद मेहरला मुअज्जल म्हणतात आणि उधारलाही मुअज्जल म्हणतात. कानाला एकच, लिहिताना पहिल्यात, नगदच्या, ‘ऐन’ हे अक्षर आणि दुसऱ्यात, उधारच्या, ‘वाव’ या अक्षरावर हमजाची खूण. वाचता येत नसेल तर काझीसाहेबांना सांगा, खाली मराठीत लिहा: ‘रोख दिला’ किंवा ‘बाकी’. आणि तिसरी ओळ: ‘दागिने मेहराव्यतिरिक्त’. ही तिसरी ओळ विसरू नका.

आपण दिलेली भांडी, कपाट, गादी यांचीही यादी करा. हुंडाबंदीच्या 1985 च्या नियमांत भेटींची लेखी यादी आणि त्यावर सही सांगितली आहे. मेहर हुंड्यात मोडत नाही, 1961 च्या कायद्यातच तसं म्हटलंय. कोणी दोन्ही एका तागडीत घातलं तर तिथेच थांबवा.

हळदीवरून आमच्याकडे दर वेळी वाद होतो. कोणी म्हणतं बिदअत, म्हणजे धर्मात नसलेली, मागून घुसवलेली गोष्ट, कोणी म्हणतं आजीच्या आजीपासून चालत आलंय. माझ्या मते हळद, हिरव्या बांगड्या, शेजारच्या आजीची अहिराणी गाणी, हे घरच्या बायकांवर सोडा. निकाह त्याने मोडत नाही. निकाहला एका बैठकीत इजाब-कुबूल, म्हणजे प्रस्ताव आणि होकार, लागतो, दोन साक्षीदार लागतात आणि मेहर लागतो. 1937 च्या शरियत कायद्यानेही निकाह, मेहर, तलाक यांत रिवाजाच्या वर शरियत ठेवली. मुंडावळ्या की सेहरा यावर भांडणारी माणसं मेहरच्या रकान्यापाशी गप्प बसतात, याचा मला राग येतो.

निकाहच्या दिवशी वकील, म्हणजे मुलीची संमती आणणारा, आणि दोन साक्षीदार आत जातील तेव्हा खोलीतली गाणी बंद करा, पंखाही बंद करा. रक्कम मोठ्याने सांगायला लावा. आपाने मान हलवली होती. आकडा तिला ऐकूच आला नव्हता, हे तिने मला फार नंतर सांगितलं. धाकटीला सांगून ठेवलंय, आकडा ऐकू आल्याशिवाय ‘कुबूल’ म्हणू नकोस. सही करण्याआधी तिने रकाना वाचायचा, आणि तिच्याआधी मी.

पंगतीत शेजाऱ्यांसाठी वरण-बट्टी वेगळी. रुखसतला, म्हणजे पाठवणीला, गाडीत पाण्याच्या बाटल्या. वलीमा, म्हणजे निकाहनंतरची दावत, मुलाकडचा, त्यात पडू नका. नोंदणी ग्रामपंचायतीत, तीन साक्षीदार आणि काझीची सही घेऊन, त्याच महिन्यात. निकाहनाम्याच्या तीन झेरॉक्स काढा: एक आपल्याकडे, एक मामूकडे, एक मुलीच्या पेटीत साडीच्या घडीत. झेरॉक्स काढण्याआधी तो रकाना पुन्हा बघा.