टोटेम पोल बघायला जाताय? मग आधी विचारा, ‘कुणाचा?’

मुलाकडे व्हँकुव्हरला निघालेले बेळगावकर आईबाप कुंदा, चिवडा, मसाले सगळं आठवणीने बॅगेत भरतात. त्यांना माझं एक सांगणं आहे. तिकडे टोटेम पोल, म्हणजे मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब, बघायला जाल, तर निघण्याआधी आपल्या गावातला वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, एकदा नीट बघून जा. मी खानापूर तालुक्यात इतिहास शिकवत होते. वर्गातल्या पोरांना देवळामागे नेऊन मी तो वाचायला शिकवायची : खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे बसलेला वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शब्दसुद्धा इथल्याच मातीतला आहे. कन्नडात ‘कल्लु’ म्हणजे दगड.

मात्र खालून वर वाचायची ही सवय तिकडे नेऊ नका. टोटेम पोल वाचायचा असा एकच क्रम नसतो. मी व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये ब्रॉकटन पॉइंटला पहिल्या खांबापुढे उभी राहिले, हात जोडले आणि आमच्या वाटाड्या बाईंना विचारलं, “हा कुठला देव?” त्या शांतपणे म्हणाल्या, “देव नाही. हे एका घराण्याचं आहे.” मला माझी आजी आठवली. गल्लीत नवं पोर दिसलं की ती नाव नंतर विचारायची, आधी ‘कुणाची गं तू?’ खांबापुढे उभं राहिल्यावर हाच प्रश्न विचारायचा. त्यावरचे गरुड, अस्वल, कावळा ही त्या घराण्याची चिन्हं असतात आणि त्यांची गोष्ट सांगण्याचा हक्कही त्या घराण्याचाच. म्हणून मूळ रहिवासी समाजातला वाटाड्या असेल तीच सहल घ्या. खांब फुकट बघता येतात, पण नुसतं बघून फार थोडं हाती लागतं.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. चोच सरळ असेल तर कावळा, खाली वाकलेली असेल तर गरुड. पुढचे दोन मोठे दात आणि शेपटीवर जाळी दिसली की बीव्हर. पाठीवर माशासारखा उंच पर असेल तर किलर व्हेल. मग जवळ जा आणि एकच डोळा बघा. त्याच्या भोवतीची काळी रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक होत पुढच्या आकारात शिरते, ते बोट हवेत फिरवून गिरवा. मी दहा मिनिटं तेवढंच करत होते.

तिथल्या नऊ खांबांतले बरेचसे उत्तरेकडच्या किनाऱ्याच्या परंपरेतले आहेत. एक मात्र तिथलाच. स्क्वामिश या तिथल्याच मूळ रहिवासी समाजातले कारागीर रॉबर्ट येल्टन यांनी २००९ मध्ये आपल्या आईच्या, रोझ यांच्या आठवणीत तो घडवला. त्या माउलीचं घर याच जागी होतं. त्या खांबापाशी जास्त वेळ थांबा.

दुसऱ्या दिवशी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलं मानववंशशास्त्र संग्रहालय बघा. तिथे जुने खांब आहेत. लाकूड लाल सीडरचं. जमलं तर खांबाच्या मागे जा. पुष्कळदा पाठ कोरून पोकळ केलेली असते, वजन कमी व्हावं आणि लाकूड तडकू नये म्हणून.

आणि हे खांब त्यांच्या मूळ गावांतून संग्रहालयांत कसे गेले, तेही विचाराच. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली होती. खांब उभा करताना अख्ख्या समाजाला बोलावून जेवण आणि दानं देण्याचा सोहळा तो हाच. निस्गा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा ११ मीटर उंचीचा एक खांब १९२९ मध्ये उचलून स्कॉटलंडला नेला गेला आणि २०२३ मध्ये घरी परतला. तो लढाईत पडलेल्या एका योद्ध्याच्या स्मरणार्थ होता. म्हणजे वीरगळच की!

हे मी वाटाड्या बाईंना सांगितलं, मोबाइलवर आमच्या वीरगळाचा फोटो दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, “हा कुणाचा?” मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं पोरांना चौकटी शिकवल्या, नाव कधी शोधलंच नाही. आता परत आल्यापासून देवळाजवळच्या म्हाताऱ्या माणसांकडे वही घेऊन बसते आहे.