फोन चार्ज होत नाही? आधी पोर्ट साफ करा, मग आयसीचं बोला

चार्जिंग अडलेला फोन काउंटरवर ठेवला की दोनच निदानं कानावर येतात. एक तर ‘बॅटरी गेली’, नाहीतर ‘आयसी गेली’, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप. कधीकधी ती खरीही असतात. पण पहिला संशय घ्यायचा तो पोर्टच्या तळाशी ठासून बसलेल्या खिशातल्या धाग्यांवर. ते काढायला पैसे लागत नाहीत. लागतो तो धीर आणि बरं अवजार, आणि नेमकं तिथेच लोक घाई करून चांगल्या पोर्टची वाट लावतात.

सुरुवात अदलाबदलीने करा. प्लग पॉइंट, अडॅप्टर, केबल आणि फोन या चौघांपैकी एका वेळी एकच बदला. केबल आणि अडॅप्टर एकदम बदलले तर फोन चार्ज होईलही, पण खराब काय होतं ते कळणार नाही आणि मेलेली केबल पुन्हा ड्रॉवरमध्ये जाऊन बसेल. तपासायला घेतलेल्या केबलवर दुसरा फोन आत्ता, डोळ्यांसमोर चार्ज झाला पाहिजे, ‘काल चालत होती’ हा पुरावा नव्हे. फोन एकदा रीस्टार्ट करा. वायरलेस चार्जिंग असेल तर पॅडवर ठेवून पाहा. तिथे टक्के नीट चढत असतील तर बॅटरी निर्दोष आहे, दोष पोर्टमध्ये किंवा त्याच्या पुढे-मागे.

चार्ज होतो पण रडतखडत, ही तक्रार वेगळी. ओप्पो, वनप्लस, रिअलमी, विवो यांचं सर्वात वेगवान चार्जिंग त्यांच्याच अडॅप्टर-केबलच्या जोडीवर चालतं. जोडी फुटली की वेग खाली येतो, त्यात बिघाड काही नाही. साधी सी-टू-सी केबल, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली, ३ अँपिअरपर्यंतच असते. ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. कॉम्प्युटरच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट मिळतात, आणि मॅप लावलेला, पूर्ण ब्राइटनेसचा फोन तेवढे बसल्याजागी खातो. काही स्वस्त इअरबड चपट्या जुन्या यूएसबीच्या केबलने चार्ज होतात, पण सी-टू-सी केबल लावली की ढिम्म राहतात. त्यांच्या सर्किटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे चार्जरला समोर कोणी जोडलंय हेच कळत नाही. तुमचा चार्जर ठीक आहे.

आता साफसफाई.

आधी लक्षणं बघा. प्लग शेवटी ‘टक’ करत नाही, पूर्ण दाबला तरी त्याचा धातूचा भाग मिलिमीटरभर बाहेर दिसतो, केबल वाकवून धरली की चार्जिंग सुरू होतं आणि सोडली की बंद. यातलं एक जरी असेल तर तळाशी कचरा आहे असं समजून चाला. खिशातला धागा-धूळ प्रत्येक वेळी प्लगच आत ठासतो आणि काही महिन्यांत त्याचा नमद्यासारखा घट्ट थर होतो. वरून टॉर्च मारला तर तो पोर्टचा तळच वाटतो. ‘आत काहीच नाही’ म्हणणारे इथेच फसतात.

टाइप-सी पोर्टच्या मधोमध पातळ जीभ असते. तिच्या वरच्या अंगाला १२ आणि खालच्या अंगाला १२ अशा २४ पिना. जीभ आणि बाहेरची भिंत यांच्यातली फट मिलिमीटरपेक्षा कमी. टूथपिक साधारण २ मिलिमीटर जाड असते, म्हणजे ती आहे तशी आत जातच नाही. जोर लावला तर जीभ वाकते किंवा तुटते आणि फुकटात होणारं काम जॅक, म्हणजे अख्खा पोर्ट, बदलण्यावर जातं. म्हणून लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडने दोन्ही बाजूंनी तासून चपटं करा, अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड. लाकूड कोरडं हवं. ओलं झालं की ते फुगतं आणि त्याचे तंतू आतच तुटून राहतात.

फोन पूर्ण बंद करा. पोर्ट जमिनीकडे राहील असा धरा, म्हणजे सुटलेला कचरा खाली पडेल. उजेड दुसऱ्या फोनचा घ्या. टोक बाहेरच्या भिंतीला चिकटवून थेट तळापर्यंत न्या, भिंतीच्या कडेकडेने आडवं ओढा आणि बाहेर काढा. जिभेला स्पर्श नको. चहात चमचा फिरवतात तसं गोल फिरवायचं नाही, टोक तरफेसारखं वापरायचं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच येत नाही. मग एक धागा अडकतो आणि त्यामागे अख्खी चकती निघते. दर वेळी टोक पाहा, फाटलं असेल तर नवीन काडी घ्या. दोन्ही कोपरे राहिले तर प्लग तिरका बसतो, तेव्हा तिथे शेवटचा हात मारा.

जुन्या आयफोनच्या लाइटनिंग पोर्टला मध्ये जीभ नाही, त्यामुळे काम सोपं आहे. मागच्या भिंतीवरून आडवं खरवडा, पिनांच्या बाजूला दाबू नका. आयफोन १५ पासून तिथेही टाइप-सीच आहे.

सुई, सेफ्टी पिन, सिम काढायची पिन यांना हात लावू नका. फोन बंद असला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते, आणि धातूचं टोक पिनांवर ओरखडे पाडतं ते वेगळंच. कापसाचा बड आणखी धागे सोडतो. तोंडाने फुंकर मारली की थुंकी आत जाते. पंक्चरवाल्याकडे ‘हवा मारून घ्या’ हा सल्ला तर सर्वात वाईट. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि तिचा दाब कचऱ्याबरोबर माइकच्या जाळीचाही निकाल लावतो. रबरी फुग्याचा कॅमेऱ्याचा ब्लोअर चालतो, पण तो सुटा कचरा उडवायला. घट्ट थराला काडीच लागते.

साफ केल्यावर प्लग टक करून बसला पाहिजे. बसला, पण तक्रार तशीच असेल तर केबलचं टोक पाहा. लाइटनिंगच्या सोनेरी पट्ट्यांपैकी एखादी काळी पडली असेल तर ती केबल टाकून द्या, पोर्ट कितीही स्वच्छ असला तरी तिच्यामुळे फोन ‘ॲक्सेसरी सपोर्टेड नसेल’ असा संदेश दाखवत राहील.

संदेशांकडे वळू. ‘ही ॲक्सेसरी सपोर्टेड नसेल’ असं आयफोनने म्हटलं म्हणजे केबल बनावट आहे असंच नाही. लाइटनिंग केबलच्या टोकातल्या चिपकडून नीट उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारण नकली चिप असेल, तुटलेली वायर असेल किंवा पिनांवरची घाण. अँड्रॉइडवर कधी काही न लावता ‘ॲनालॉग ऑडिओ ॲक्सेसरी’ सापडल्याचा संदेश येतो. टाइप-सीच्या ज्या दोन पिना समोर काय जोडलंय ते ओळखतात, त्या घाणीने किंवा ओलाव्याने ग्राउंडला जोडल्या की फोनला हेडफोन लावल्याचा भास होतो. सॉफ्टवेअर अपडेटच्या मागे लागण्याआधी पोर्ट पाहा. आयफोन ‘ॲक्सेसरी वापरण्यासाठी अनलॉक करा’ म्हणत असेल तर ती सुरक्षेची सोय आहे, बिघाड नव्हे.

ओलाव्याचा इशारा मात्र गंभीर. ओल्या पिनांना वीज मिळाली की त्या गंजतात, म्हणून फोन चार्जिंग अडवतो. केबल दोन्ही टोकांनी काढा, पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा आणि वारा लागेल अशा जागी ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा, पूर्ण सुकायला एक दिवसही लागू शकतो. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आणि कण पोर्टमध्ये जातात. हेअर ड्रायरही नको. घाई असेल तर पाठ पुसून वायरलेसवर ठेवा. आयफोन ‘आणीबाणी’ म्हणून इशारा डावलायचा पर्याय देतो, तो खऱ्या आणीबाणीसाठी ठेवा, रील बघण्यासाठी नाही.

नाशिकच्या त्र्यंबक रोडवर पावसात भिजलेला फोन सुकला की बहुधा मार्गी लागतो. रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे रंग खेळायच्या हौदाच्या, रंगीत पाण्यात गेलेला किंवा द्राक्षबागेत फवारणीच्या वेळी वरच्या खिशात राहिलेला फोन तसा सुटत नाही. बागेत फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद आणि चुना असतो. पाणी उडतं, क्षार पिनांवर राहतात, हवेतला ओलावा धरतात आणि इशारा दिवसेंदिवस परत येतो. तिथे फोन बंद करून मऊ नायलॉन ब्रशवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घ्या. ब्रश ओलसर हवा, निथळता नको. पिनांवरून हलके फिरवा आणि अर्धा तास उघडं ठेवा. पिना हिरव्या दिसत असतील तर जॅक बदलावा लागेल.

सुकल्यावरही सॅमसंगमध्ये थेंबाचं चिन्ह जात नसेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्समध्ये सिस्टिम ॲप्स दाखवून ‘यूएसबी सेटिंग्ज’ची कॅशे साफ करा.

एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलवर हँडलच्या होल्डरमधला फोन उन्हात ‘चार्जिंग थांबवलं’ म्हणतो, ते तापमानामुळे. सावलीत न्या, कव्हर काढा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. ८० टक्क्यांवर अडणारा फोन बहुतेक वेळा बॅटरी जपायच्या सेटिंगमुळे अडतो.

चार्जर लावल्यावर स्क्रीन आपोआप टच होत असेल तर अडॅप्टर बदला. नवा घेताना त्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक पाहा आणि तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दुकानातच पडताळा. कंपनीचं नाव जुळलं नाही तर खोका परत द्या.

एवढं करूनही प्लग हलत असेल तर एम. जी. रोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जा, पण ‘चार्ज होत नाही, बघा जरा’ म्हणू नका. ‘पोर्ट साफ केलाय, दोन केबल लावून पाहिल्या, जॅकचं किती घ्याल?’ असं विचारा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये जॅक छोट्या सब-बोर्डवर असतो आणि तो बोर्डच बदलता येतो, मेन बोर्डवर सोल्डरिंग करावं लागत नाही. फोन समोर उघडायला सांगा आणि जुना बोर्ड मागून घ्या. मागचं झाकण फुगून उचललेलं दिसलं तर मात्र आधीचं सगळं सोडा. चार्जरला लावू नका, झाकण दाबून बसवू नका. बंद करून तसाच बॅटरी बदलायला न्या.